खरे असून तोतये

तोतया म्हटले की मराठी माणसाला भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पत्नी पार्वतीबाईंनी ते कधी मानले नाही, आणि काही वर्षांनी ‘मीच तो भाऊ’ म्हणणारा एक इसम पुढे आला. त्याच्याभोवती माणसे जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि अखेर १७७६ साली पेशवे सरकारने त्याला देहान्त शिक्षा दिली. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. या इसमाचे एक मात्र मानले पाहिजे. आपण भाऊसाहेब नाही हे त्याच्याइतके पक्के दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तरीही तो डगमगला नाही.

मला अलीकडे भेटतात ती माणसे याच्या नेमकी उलट आहेत. ती खरीच असतात. काम त्यांनीच केलेले असते, बक्षीस त्यांनाच मिळालेले असते, यादीतले नाव त्यांचेच असते. आणि तरी आपण तोतये आहोत, आज ना उद्या कोणीतरी आपल्याला ओळखणार आणि भर सभेत उभे करणार, ही धास्ती त्यांच्या पोटात असते. वय वर्षे अठरा ते बावीस. मुक्काम पोस्ट महाविद्यालय.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला डिसेंबर-जानेवारीत महाविद्यालयांची बोलावणी येतात. स्नेहसंमेलन, वाङ्मय मंडळ, बक्षीस समारंभ, एन. एस. एस.चे शिबिर. प्राचार्यांच्या खोलीत चहा होतो, शाल-श्रीफळ होते. पण महाविद्यालयाची खरी ओळख होते ती एस. टी. स्टँडवर न्यायला आलेल्या मुलामुलींकडून. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशीच एक मुलगी आली होती. तृतीय वर्ष कला, एन. एस. एस.ची विद्यार्थी प्रतिनिधी. सात दिवसांच्या शिबिरात पन्नास-पंचावन्न मुलांचे राहणे-खाणे, गावातल्या बायकांची आरोग्य तपासणी, ओढ्यावरचा वनराई बंधारा, हे सगळे तिने निभावले होते. हे मला तिच्या प्राध्यापकांनी सांगितले. मी तिचे कौतुक केले, तर ती कसनुशी हसली.

“सर, ते सगळं पोरांनी केलं. मी नुसती वही घेऊन फिरत होते. आमच्या सरांना वाटतं मला लई जमतं. एक दिवस कळंल त्यांना.”

“काय कळेल गं?”

“की हिला काय येत नाही.”

ज्याने आयुष्यात एकदा तरी पन्नास माणसांची पंगत उठवली आहे त्याला विचारा, कोणीतरी वही घेऊन फिरल्याशिवाय ती उठते का. मीठ कोणी आणायचे, पाण्याचा टँकर कधी सांगायचा, कोणाशी कोणाचे भांडण झाले म्हणून कोणाला भाकरीच्या गटातून काढून भांड्यांच्या गटात घालायचे, हे सगळे त्या वहीत होते. पण फावडे दिसते, वही दिसत नाही. आणि जे इतरांना दिसत नाही ते आपण केले, यावर या मुलीचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता.

या धास्तीला नाव मिळून आता बरीच वर्षे झाली. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ साली त्यावर एक लेख लिहिला. क्लान्सबाई स्वतः अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या भागातल्या एका खेड्यातून शिकत वर आलेल्या. ओबरलिन या नामांकित महाविद्यालयात त्या शिकवायला लागल्या, तेव्हा उत्तम गुण मिळवणाऱ्या मुली त्यांच्याकडे येऊन सांगत, की आमची निवड चुकून झाली आहे. शिकत असताना त्यांना स्वतःलाही असेच वाटत आले होते. मग त्यांनी आणि आइम्सनी मिळून दीडशेवर यशस्वी स्त्रियांशी बोलून लेख तयार केला. त्यांनी या प्रकाराला आजार म्हटलेले नाही. ‘सिंड्रोम’ हा शब्द मागाहून लोकांनी चिकटवला, आणि मानसिक विकारांच्या मान्य यादीत तो आजही नाही. पुढे क्लान्सबाई म्हणाल्या, की पुन्हा नाव द्यायची वेळ आली तर मी याला नुसता ‘अनुभव’ म्हणेन. मला त्यांचे हे म्हणणे फार शहाणपणाचे वाटते. आजार म्हटला की औषध आले, आणि औषध म्हटले की विकणारे आले. आत्मविश्वासाच्या कार्यशाळांची पत्रके हल्ली महाविद्यालयांच्या फाटकावरच वाटली जातात.

पण मला कुतूहल आहे ते वर्गातल्या हुशार मुलांपेक्षा मंडळांतल्या आणि समित्यांतल्या मुलांचे. वर्गातल्या मुलाला निदान गुणपत्रिका मिळते. तिच्यावर विद्यापीठाचा शिक्का असतो, बेरीज असते, नाखूश असाल तर फेरतपासणीचा अर्ज असतो. गॅदरिंगच्या सेक्रेटरीला किती गुण? वार्षिकांकाच्या विद्यार्थी संपादकाला? नव्या शैक्षणिक धोरणात एन. एस. एस., क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम यांनाही श्रेयांक दिले आहेत. पण श्रेयांक मिळाला म्हणजे श्रेय मिळाले असे नव्हे. तो हजेरीचा असतो. मांडव रात्री दोन वाजता कोसळला, तेव्हा कोणाचे डोके शांत राहिले, याचा रकाना त्यात नाही.

त्यातून आपल्याकडे पदे येतात कशी, तेही पाहा. १९८९ साली मुंबईत विद्यापीठ निवडणुकीच्या धामधुमीत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे महाविद्यालयीन निवडणुका बंदच झाल्या, आणि १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेची वेगळी घडी बसवली. प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी. शिवाय खेळ, एन. सी. सी., एन. एस. एस. आणि सांस्कृतिक कामातून प्राचार्यांनी नेमलेले. आणि दोन विद्यार्थिनी, त्याही नेमलेल्या. हेतू चांगला होता, दंडेली थांबली. पण पुढची वीसेक वर्षे असे हजारो प्रतिनिधी तयार झाले, ज्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते. अर्थशास्त्रात पहिला आला म्हणून वर्गाचा पुढारी झालेला मुलगा रात्री अंथरुणावर पडून काय विचार करत असेल? मी कोणाचा प्रतिनिधी? ज्यांचा मी प्रतिनिधी ते मला ओळखतात का? २०१६च्या कायद्याने निवडणुका पुन्हा आणण्याची सोय केली, २०१९ साली त्या होणार असे जाहीरही झाले, पण झाल्या नाहीत. निवडणुकीने हा प्रश्न सुटला असता असे मी म्हणत नाही. निवडून आलेल्यांनाही ‘मला जातीवर मते पडली’, ‘समोरचा नालायक होता म्हणून मी आलो’ हे सुचतेच. पण निदान मते मोजलेली तरी असतात.

बँकेत सस्पेन्स खाते नावाचा एक प्रकार असतो. रक्कम तर आली आहे, पण कोणाच्या खात्यात जमा करायची ते कळत नाही, अशी नोंद तिथे टाकतात. तात्पुरती. जास्त दिवस पडून राहिली तर वरून विचारणा होते. ऑडिटर तर आल्या आल्या आधी तेच पान उघडतो. या मुलांच्या मनातले सस्पेन्स खाते कोणीच तपासत नाही. कौतुक आले की तिथे टाकायचे: सरांचा स्वभावच चांगला, त्या वर्षी स्पर्धकच कमी होते, मुलगी म्हणून दिले. नावे पडणारी रक्कम मात्र त्याच दिवशी थेट स्वतःच्या खात्यात. माइक बंद पडला, माझ्यामुळे. पाहुणे उशिरा आले, माझ्यामुळे. अशा खात्यात वर्षाअखेर काय शिल्लक निघणार?

याला आपले घरही थोडे हातभार लावते, हे पालकांनी रागावू नये पण ऐकावे. पोराने काही केले की ‘त्यात काय एवढं’ म्हणायची आपली जुनी रीत. पाठीमागे शेजाऱ्यांना सांगताना ऊर भरून येतो, पण समोर नाही, पोर शेफारेल. एन. एस. एस. सुरू झाली १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, सदतीस विद्यापीठांत आणि चाळीस हजार मुलांनिशी. तिचे ब्रीदच आहे, ‘मी नव्हे, तुम्ही’. ब्रीद थोर आहे, त्यात शंका नाही. पण वीस वर्षांच्या मुलीने ‘मी’ हा शब्द उच्चारायचाच नाही असे घरही सांगते, शिबिरही सांगते, आणि मग मुलाखतीला गेल्यावर समोरचा विचारतो, ‘यात तुम्ही नेमके काय केलेत?’ तिथे तिची बोबडी वळली तर नवल कसले?

आता एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. या मुलांच्या धास्तीत थोडे सत्यही असते. सेक्रेटरीच्या हातात ढाल येते ती चाळीस जणांच्या कष्टांची असते. भाषण सरांनी तपासून दिलेले असते. जाहिराती काकांच्या ओळखीने मिळालेल्या असतात. ज्या मुलाला याची बोच लागते तो मुलगा प्रामाणिक आहे. त्याला ‘छे छे, तूच ग्रेट’ म्हणणे म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणाला खोटे ठरवणे. हे देणे खरे आहे. पण कर्ज घेतले म्हणून कोणी दरोडेखोर होत नाही, इतकाच फरक त्याला दिसत नसतो. ज्यांना बोच लागत नाही, तेही आपण चौकाचौकांत पाहतो. दोन रक्तदान शिबिरांना हजर राहिलेला, बाहीवर घडी घातलेला, ‘युवकांचे आशास्थान’ असा हसरा चेहरा वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर. त्याला कधी तोतयेपणाची धास्ती वाटली असेल असे वाटत नाही.

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाचे उदाहरण घ्या. १९६३पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात पोरे बाकांवर उभी राहून ‘आव्वाज कुणाचा’ करतात. तिथले बॅकस्टेजवाले हा या विषयातला एक वेगळाच वर्ग आहे. दोन महिने तालमी, रात्री-अपरात्री वडापाव, लेव्हल्स उचलायच्या, पडद्यामागे श्वास रोखून उभे राहायचे. आणि बक्षीस मिळाल्यावर जल्लोषात नाचताना यातल्या एखाद्याला वाटते, मी कशाला नाचतोय? मी काय केले? तर २०२२ साली या स्पर्धेत एक विलक्षण गोष्ट घडली. अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही, असे परीक्षकांनी ठरवले. पहिला आलेला संघ होता, पण करंडक कोणालाच नाही. केवढा गदारोळ झाला! बाजूने लिहिले गेले, विरुद्ध लिहिले गेले, जुने विजेते बोलले, नवे पराभूत बोलले. मुले दुखावली असणारच. तरी मला वाटले, हा परीक्षक बरा. तो दिसतो, त्याला नाव आहे, त्याने दिलेला निकाल उघड आहे, त्याच्याशी भांडता येते. मनातल्या परीक्षकाशी भांडायची सोय नाही. तो दर रात्री ‘करंडक कोणालाच नाही’ असा निकाल देतो, कारण सांगत नाही, आणि त्यावर वर्तमानपत्रात एक अक्षर छापून येत नाही.

आणि कधी कधी हा परीक्षक मनातला नसतोच. तो शेजारच्या बाकावर बसलेला असतो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने ‘आनी’ म्हटले की मागच्या रांगेत खसखस पिकते. आडनाव विचारले जाते, मग ‘कुठल्या कोट्यातून?’ हे विचारले जाते, आणि मग मंडळाच्या बैठकीत त्याच्याकडे खुर्च्या मोजायचे काम येते. वसतिगृहातला पहिल्या पिढीचा पदवीधर होऊ पाहणारा मुलगा वक्तृत्व मंडळाचा प्रमुख झाला, की ‘त्याला का केले ते माहीत आहे’ अशी कुजबुज होते आणि ती त्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने होते. याला धास्ती वाटली तर ती त्याची मनोरचना म्हणायची काय? २०२१ साली रुचिका तुलश्यान आणि जोडी-अ‍ॅन ब्युरी या दोघींनी हार्वर्डच्या व्यवस्थापनविषयक नियतकालिकात लिहिले, की स्त्रियांना हा ‘सिंड्रोम’ झाला आहे असे सांगणे बंद करा आणि त्या जिथे काम करतात ती जागा तपासा. त्यांनी लिहिले नोकरीतल्या बायकांविषयी. आपल्या महाविद्यालयांच्या सभागृहात ते शब्दशः लागू पडते. सगळे जण ज्याला तोतया म्हणून वागवतात, त्याला आत्मविश्वासाच्या कार्यशाळेला धाडणे हा मला तरी क्रूर विनोद वाटतो.

याने नुकसान काय होते, हे विचाराल. महाविद्यालयीन वार्षिकांकांच्या एका स्पर्धेसाठी मी परीक्षक होतो. एक अंक हाती आला. दुष्काळात शहरात शिकायला आलेल्या मुलांवरचा विभाग, स्थलांतरित आईबापांच्या मुलाखती, मांडणी साधी, शुद्धलेखन जवळजवळ निर्दोष. संपादक मंडळाच्या यादीत सहा नावे. बक्षीस समारंभात मी त्या प्राध्यापकांना विचारले, मुलाखतींचा विभाग यांपैकी कोणाचा? ते थोडे घुटमळले. म्हणाले, “यातल्या कोणाचाच नाही. मराठवाड्यातून आलेला एक मुलगा होता, तोच विद्यार्थी संपादक. शेवटच्या पंधरा दिवसांत यायचा बंद झाला. आजारी आहे म्हणून निरोप. पुढे चिठ्ठी आली, की माझे नाव घालू नका, मला यातले काही कळत नाही, तुमचा अंक माझ्यामुळे बिघडेल.” अंक तर त्याने जवळजवळ पूर्ण करून दिला होता. घाईच्या दिवसांत कोणी त्याच्या खोलीवर गेले नाही. चिठ्ठीत लिहिले होते तसे केले. पुढे तो कुठल्याच मंडळात दिसला नाही, असे ते म्हणाले. अंकाला पहिले बक्षीस होते. सहा जण स्टेजवर गेले.

सगळेच असे पळून जात नाहीत. काही जण उलट करतात. आपण उघडे पडू नये म्हणून दुप्पट काम अंगावर घेतात. पाच समित्या, तीन व्हॉट्सअ‍ॅप गट, प्रत्येक बैठकीला आधी अर्धा तास हजर, निबंध दुसऱ्याला लिहून द्यायचा, ‘नाही’ हा शब्द माहीत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, काय उत्साह! पंच्याहत्तर टक्के हजेरी भरत नाही तेव्हा घरी पत्र येते, आणि मग घरच्यांना कळते की पोरगा आठवडाभर झोपलेलाच नाही. अशी मुले फोनवर इतरांचे सत्कारांचे फोटो पाहत असतात. त्या फोटोतला मुलगाही त्याच रात्री यांचा फोटो पाहून तळमळत असतो. दोघे शेजारच्या खोल्यांत राहतात, पण हे एकमेकांना सांगत नाहीत.

मला यावर उपाय विचाराल तर मी मोठे काही सांगणार नाही. बँकेत बदली झाली की चार्ज देणे-घेणे असते. किल्ल्या, रोकड, तारण, थकबाकी, चालू असलेले दावे, कुठल्या खात्यावर डोळा ठेवायचा, हे सगळे जुना अधिकारी नव्याला समोर बसून मोजून देतो, आणि दोघे सही करतात. त्या सहीनंतर नवा माणूस खुर्चीवर बसतो तो अधिकाराने. आपल्या महाविद्यालयांत मंडळांचा चार्ज कोणी देत नाही. जुना सेक्रेटरी परीक्षा देऊन निघून जातो. नव्याला जुलैत नोटीस बोर्डावर आपले नाव दिसते. त्याला माहीत असते ते एवढेच, की गेल्या वर्षीचे गॅदरिंग झकास झाले. ते होताना जनरेटर दोनदा बंद पडला होता, प्रमुख पाहुणा आयत्या वेळी फिरला होता, आणि जुना सेक्रेटरी ग्रीन रूममध्ये बसून रडला होता, हे त्याला कोण सांगणार? मग तो स्वतःच्या आतल्या गोंधळाची तुलना करतो दुसऱ्याच्या अल्बममधल्या फोटोंशी.

घरच्यांनीही ‘कसं झालं?’ एवढे विचारून थांबू नये. त्याचे उत्तर ‘बरं झालं’ असेच येणार. सकाळपासून काय काय केलेस, कोणाला फोन केलास, काय बिघडले, मग काय केलेस, असे विचारावे. चहा होईपर्यंत पोर दहा गोष्टी सांगते आणि सांगता सांगता त्याच्याच लक्षात येते की त्यातल्या सात आपण केल्या, तीन दुसऱ्यांनी. हा हिशेब ‘तू फार हुशार’ या वाक्यापेक्षा त्याला लवकर पटतो, कारण त्यात त्याला खोटे काही सापडत नाही.

कोल्हापूरकडच्या एका महाविद्यालयात सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापिकेने काही वर्षांपूर्वी एक साधी वही ठेवली. जाणारा सेक्रेटरी त्यात येणाऱ्यासाठी लिहून जातो. किती यश मिळाले ते लिहायचे नाही, काय काय चुकले ते लिहायचे, आणि खाली दोघांनी सही करायची. मला ती वही त्यांनी चाळायला दिली. वेगवेगळी अक्षरे, एक-दोन ठिकाणी चहाचे डाग. पहिल्या पानावर, निळ्या शाईत, जरा तिरक्या अक्षरात होते: “मंडपवाल्याला अ‍ॅडव्हान्स देताना पावती घे. आम्ही घेतली नव्हती. उद्घाटनाच्या आदल्या रात्री मला वाटलं होतं की मी हे पद घ्यायलाच नको होतं. तुलाही वाटेल. तेव्हा मला फोन कर, नंबर खाली दिलाय. रात्री उशिरा केलास तरी चालेल.”